थंबमधला बी

इंग्रज १९४७ साली गेले, पण जाताना त्यांनी सामान नीट आवरलं नाही. रेल्वे ठेवली, टपालखातं ठेवलं, क्रिकेट ठेवलं; त्याबद्दल आपली काही तक्रार नाही. पण त्यांच्या स्पेलिंगांतली मुकी अक्षरं ही त्यांची खाजगी मालमत्ता होती, ती त्यांनी बरोबर न्यायला हवी होती. नेली नाहीत. त्यामुळे आज ती निफाड तालुक्यातल्या ओझर गावी, सीनियर के.जी.च्या वर्गात, पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या मानगुटीवर बसली आहेत आणि उतरायला तयार नाहीत.

माझं भांडण इंग्रजीशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. इंग्रजीशी भांडायला जितकं इंग्रजी लागतं तितकं माझ्यापाशी नाही, आणि जितकं आहे तितक्यावर घर चालतं. माझं भांडण आहे ते आमच्या कन्येच्या वहीशी. तिच्या एका पानावर ‘सायलेंट लेटर्स’ असा मथळा आहे आणि खाली पाठ करायचे दहा शब्द. नी, नाइफ, नाइट, नोम, नॅट, रेन, रीथ, लॅम, कोम आणि थम. पहिल्या तिघांत के गप्प, पुढच्या दोघांत जी गप्प, मग डब्ल्यू गप्प, आणि शेवटच्या तिघांत बी गप्प. वर्गात इतकी शांतता माझ्या वेळी फक्त शिक्षणाधिकारी आल्यावर असायची.

बरं, ह्यातला नाइट म्हणजे रात्र नव्हे. चिलखत घालून घोड्यावर बसणारा सरदार. रेन म्हणजे पाऊस नव्हे. एक चिमुकला पक्षी, जो ओझरात कुणाच्या बापजन्मी दिसलेला नाही. रीथ म्हणजे फुलापानांचं कडं. ते एकतर नाताळात दाराला लावतात किंवा गेलेल्या माणसाला वाहतात; पाच वर्षांच्या मुलीला ह्यातला कुठला अर्थ आधी सांगायचा हे वहीत दिलेलं नाही. नोम म्हणजे टोकदार टोपी आणि पांढरी दाढी असलेला बुटका, साहेबाच्या बागेत मातीचा करून बसवतात तो. त्याचं चित्र बघून कन्येने विचारलं, “बाबा, हे कुणाचे आजोबा?” राहता राहिला नॅट. नॅट म्हणजे चिलट. आता चिलटं आमच्या गावात भरपूर आहेत. चिलट तिला ठाऊक आहे आणि चिलटाला ती ठाऊक आहे. दोघांच्या मध्ये हा न बोलणारा जी कुणी आणून बसवला, एवढंच तिला कळत नाही.

हे सगळं फोनिक्स ह्या नावाखाली चालतं. ज्या खिडक्यांवर पूर्वी शिवणक्लासच्या पाट्या असत त्यांवर आता फोनिक्सच्या पाट्या आहेत. फोनिक्स म्हणजे काय, तर अक्षराचं नाव न शिकवता आधी त्याचा आवाज शिकवायचा. एच ह्या नावात कुठे ‘ह’ नाही, डब्ल्यू ह्या नावात कुठे ‘व’ नाही, म्हणून मुलं गोंधळतात. तेव्हा नाव बाजूला ठेवा आणि आवाज घ्या. अक्षरांचे आवाज जोडा, शब्द तयार होतो. कल्पना उत्तम आहे. फक्त ती ऐकल्यावर मला दोन दिवस हसू आवरत नव्हतं. ‘क’ला ‘क’ म्हणायचं, ‘म’ला ‘म’ म्हणायचं, काना दिला की ‘मा’ म्हणायचं, ह्याला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाराखडी म्हणत आणि ती फुकट मिळत असे. आपल्याच घरातली परात बोहारणीला देऊन तीच परात दुकानातून विकत आणावी, तसा हा व्यवहार झाला.

तरीही तेवढ्यावर ठीक होतं. कॅट, मॅट, रॅट इथपर्यंत पोरं आनंदाने येतात. मांजर माहीत असतं, उंदीर माहीत असतो. पुढे मॅजिक ई भेटतो आणि जादूचे प्रयोग सुरू होतात. हा ई शब्दाच्या शेवटी बसतो, स्वतः चकार शब्द काढत नाही, पण त्याच्यामुळे एक खुर्ची सोडून पलीकडे बसलेला स्वर आवाज बदलतो. कॅपचं केप होतं, किटचं काइट होतं. मला हा प्रकार लगेच समजला. आमच्या शाखेत ऑडिटर येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी नुसता बसला, की दोन टेबलं सोडून बसलेले आमचे मॅनेजर असेच वेगळ्या आवाजात बोलू लागतात.

पण ही जादू नेमक्या नेहमीच्या शब्दांत चालत नाही. हॅव्ह, गिव्ह, कम, सम, लव्ह, डन, गॉन. सगळ्यांच्या शेवटी ई आहे आणि जादूच्या नावाने शून्य. आणि जिथे चालू नये तिथे मात्र ती चालते. नियम शिकलेली मुलगी घरी आली आणि तिने इंग्रजी अक्षरांत जे जे दिसेल ते वाचायला सुरुवात केली. एस.टी.वरच्या पुण्याचं तिने प्यून केलं. नियमाने बरोबर आहे; जून, ट्यून, तसं प्यून. ठाण्याचं थेन झालं, धुळ्याचं ध्यूल झालं. आमच्या सोसायटीच्या पाट्यांवरचे माने हे मेन झाले, म्हणजे घोड्याची आयाळ. राणे रेन झाले. काळे केल झाले, म्हणजे हल्ली मॉलमध्ये महाग मिळणारी ती पालेभाजी. साने गुरुजींचे सेन गुरुजी झाले. त्याचा अर्थ शहाणा, त्यामुळे तिथे मी काही बोललो नाही.

त्यात आमच्या गावाचं स्वतःचंच एक धड नाही. कारखान्याची वसाहत ओझर लिहिते ती जे आणि एच घालून, दुसरे काही लिहितात ते झेड घालून. नाशिकच्या जुन्या पाट्यांवर एच नसायचा, आता असतो. “बाबा, ओझरमधला एच सायलेंट आहे का?” ह्या प्रश्नाला एखाद्या भाषापंडिताने उत्तर द्यावं. आणि ते कन्येला पटवून द्यावं.

आता तुम्ही म्हणाल, ही मुकी अक्षरं मुळात आली कुठून? काही खरोखरच एकेकाळी बोलत होती. नी आणि नाइफमधला के इंग्रज लोक शेकडो वर्षं उच्चारत होते. साधारण सतराव्या शतकात त्यांचा कंटाळा वाढला आणि के गळाला. लिहिण्यातून काढायचं मात्र राहून गेलं, कारण मधल्या काळात छापखाना आला होता. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना घातला. त्याआधी तो बरीच वर्षं आजच्या बेल्जियमच्या बाजूला होता, आणि घोस्टमधला एच हा तिकडच्या फ्लेमिश स्पेलिंगाच्या सवयीने घुसला असं अभ्यासक सांगतात. म्हणजे भुताला एच आहे तो जुळाऱ्यांच्या कृपेने.

काही अक्षरं तर कधीच बोलत नव्हती. विद्वानांनी ती मुद्दाम आणून बसवली. कर्जाला इंग्रजीत डेट म्हणतात. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे पंडितांना आठवलं की लॅटिन मूळ शब्दात बी आहे, लावा बी! पावतीच्या रिसीटमध्ये पी असाच चिकटवला. आता गंमत बघा, रिसीटचाच सख्खा भाऊ डिसीट, म्हणजे फसवणूक, त्याला मात्र पी लावायचं राहून गेलं. म्हणजे इंग्रजीत पावतीत काहीतरी लपवलेलं असतं आणि फसवणूक सरळ असते. वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला ह्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आणि डेटमध्ये गप्प बसणारा बी डेबिटमध्ये चांगला बोलतो. खात्यातून पैसे वजा झाले की ग्राहक बोलतो, कर्जाची आठवण दिली की गप्प बसतो, तसंच हे.

ह्यावर फोनिक्सवाले म्हणतात, मुकी अक्षरं निरुपयोगी नाहीत. ती शब्दांची नाती सांगतात. खरं आहे. साइनमध्ये गप्प असलेला जी सिग्नेचरमध्ये जागा होतो. कॉलममधला एन कॉलम्निस्टमध्ये उठून बसतो. डेट आणि डेबिट हे एकाच घरातले, हे त्या बीमुळेच कळतं. मला हे फार आवडतं. पण नाती कुणाला सांगायची? ज्याला माणसं ठाऊक आहेत त्याला. बारा वर्षांच्या मुलाला साइन ठाऊक असतं, सिग्नेचर ठाऊक असतं; त्याला जीची गोष्ट सांगा, तो चाट पडेल. पाच वर्षांच्या पोरीला लग्नात नेऊन ‘हे तुझ्या आईच्या आत्येभावाच्या साडूचे मेहुणे’ असं सांगितलं तर ती आइस्क्रीमचं टेबल कुठे आहे एवढंच विचारणार.

खरी मेख इथे आहे आणि ती समजायला इंग्रजीपर्यंत जायचंही कारण नाही. घर हा शब्द लिहून बघा. घ आणि र. र पूर्ण आहे, पाय मोडलेला नाही, म्हणजे त्याच्या पोटात अ आहे. पण बोलताना आपण ‘घर्’ म्हणतो. करवत लिहितो चार पूर्ण अक्षरांत आणि बोलतो ‘कर्वत्’. म्हणजे मराठीतही शब्दाशब्दांत एक मुका अ बसलेला आहे. चहातला च निराळा आणि चमच्यातला निराळा, लिहिण्यात फरक नाही. ओझरातला झ झाडातला आहे, झेंड्यातला नाही. पाटीवर कुठे तसं लिहिलेलं नाही. आजवर महाराष्ट्रात कुणी ‘मुका अ’ शिकवण्याचा क्लास काढला आहे? ‘दोन प्रकारचा च, आठवड्यातून तीन दिवस, फी आगाऊ’ अशी पाटी कुणी पाहिली आहे? गरजच पडली नाही. कारण अक्षर दिसण्याआधी चार वर्षं घर कानात असतं. मूल घ वाचतं, र वाचतं, आणि ‘अरे, हे तर आपलं घर!’ म्हणून शब्द ओळखतं. मुका अ कुठे गेला ते त्याला कळतही नाही.

आणि जे अडचणीचं झालं ते आपण सरळ काढून टाकलं. माझ्या आजोबांच्या पत्रांत नांव, गांव, कांहीं, कोठें अशी टिंबांची नुसती रांगोळी असे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली नियम केले आणि उच्चारात नसलेल्या अनुस्वारांना निरोप दिला. भाषा बुडेल म्हणणारे तेव्हाही होते. भाषा बुडाली नाही. शाईची तेवढी बचत झाली. त्याच १९६२ साली इंग्लंडात बर्नार्ड शॉचं एक नाटक नव्याच लिपीत छापून निघालं. शॉ १९५० साली वारला, पण उच्चाराप्रमाणे लिहिता येईल अशी लिपी निघावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला होता. लिपी झाली, नाटक छापलं, आणि साहेबाने ते शांतपणे कपाटात ठेवून दिलं. मुकी अक्षरं त्याला प्रिय आहेत. असोत. ज्याची त्याची हौस.

पण त्या साहेबाच्या घरी काय चालतं तेही पाहा. इंग्लंडातल्या शाळांत २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्सची तपासणी होते. चाळीस शब्द वाचायचे. त्यांतले वीस खरे असतात आणि वीस चक्क बनावट, कुठल्याच कोशात नसलेले. कारण खरे शब्द पोरं कानावरून ओळखून चटकन म्हणून टाकतात; अक्षरं खरंच जोडता येतात का हे बघायला खोटे शब्द लागतात. आमच्या ओझरच्या पोराला तीच यादी दिली तर? त्याला चाळीसच्या चाळीस बनावट! नोम काय, रीथ काय आणि परग्रहावरचा एखादा शब्द काय, त्याच्या लेखी सगळे एकाच गावचे. आणखी ऐका. त्याच इंग्लंडच्या अभ्यासक्रमात के-एन, जी-एन आणि डब्ल्यू-आर ही स्पेलिंगं येतात दुसऱ्या वर्षात, मूल सहा-सात वर्षांचं झाल्यावर. जन्मल्यापासून कानावर दुसरी भाषा न पडलेल्या इंग्रजाच्या मुलाला त्यांनी तोवर सवलत दिली आहे. आमची मुलं त्याच्या आधी एक वर्ष हजर!

शेजारच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “अहो, पुढे कॉम्पिटिशन आहे.” हे काका एच.ए.एल.मधून निवृत्त झालेले. मी त्यांना त्यांचीच गोष्ट ऐकवली. १९६४ साली इथे कारखाना आला आणि मिग-२१ बनू लागलं. ते विमान रशियन. त्यांच्या लिपीत पी दिसतो तो र असतो, एच दिसतो तो न असतो. पंचक्रोशीतली कितीतरी माणसं त्या कारखान्यात लागली; कुणी ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली होती, कुणी आठवीत. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते पुढे, २००० साली. फोनिक्सचं नावही न ऐकलेल्या त्या माणसांनी ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान जुळवून आभाळात सोडलं. ते २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झालं. काका जरा फुगले आणि म्हणाले, “तो काळ वेगळा होता.” काळ वेगळा असेल हो, पण पाच वर्षांच्या मुलाचा कान कुठे वेगळा झालाय?

काकांचा नातू निभावून नेईल. घरात आई इंग्रजी बोलते, वडील इंग्रजी बोलतात, मोबाइल तर तिसरं काही बोलतच नाही. माझ्या डोक्यात जे बसलं आहे ते निराळंच.

गेल्या ऑक्टोबरात, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, काउंटरवर एक बाई आल्या. बागेतून तशाच आलेल्या. बोटांना अजून हिरवं लागलेलं. पैसे काढायची स्लिप मीच भरली. दोन हजार रुपये.

“मावशी, एकदम दोन हजार?”

“नातवाच्या क्लासचे, भाऊ. फोनिस का काय म्हणतात ते. त्याला वाचता येत नाही म्हणे.”

मी शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि सवयीने म्हणालो, “इथे थंब द्या.” बँकेत आम्ही सगळे थंबच म्हणतो. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे बीचा खणखणीत उच्चार करतात; त्या बीला गप्प बसवणारी शाखा मला तरी आजवर भेटलेली नाही. बाईंनी अंगठा टेकवला, पदराला पुसला. त्यांच्या नातवाच्या यादीतही थम असणार. तो बिचारा जे ऐकतो ते वाचतो, थंब म्हणतो, आणि त्याच्या नावापुढे ‘वाचता येत नाही’ असा शेरा पडतो. त्या बीला गप्प कसं बसवायचं हे शिकवण्यासाठी त्याची आजी अंगठा देऊन पैसे काढत होती.

नोटा मोजून देताना मी विचारलं, “हुशार आहे का नातू?”

“लई बोलायचा, भाऊ. सारखं काही ना काही विचारायचा. आता शाळेतून आला का गप बसतो.”

मागे रांग होती. टोकन पुढचं लागलं.

तेव्हापासून मी पालकसभेत उठून बोलतो. माझ्या मागण्या फार नाहीत. मुलाला आधी त्याच्या भाषेतलं घर वाचू द्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. इंग्रजी आधी कानात घाला. गाणी म्हणा, गोष्टी सांगा, नी म्हणून गुडघ्याला हात लावा, कोम म्हणून केस विंचरा. शब्द तोंडात बसल्यावर कागदावर दाखवा. मग के आगाऊपणा करून पुढे उभा असला तरी पोर त्याच्याकडे लक्ष देणार नाही, जसं आपण घरातल्या मुक्या अकडे देत नाही. नेहमी लागणारे नो, राइट, वॉक, टॉक, लिसन असे दहा-वीस शब्द जसेच्या तसे ओळखू द्या. यादी करून, पाठ करून, त्यावर चाचणी घेऊन, लाल शाईने काट मारून कुठलंही मूल वाचायला लागत नाही. आणि नोमला कृपा करून निफाड तालुक्यातून हद्दपार करा.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्यावर माझा राग नाही. वर्गात चाळीस पोरं आणि पगार सांगण्यासारखा नाही. त्या म्हणाल्या, “सर, मलाही पटतं. पण पुस्तकात आहे. पुस्तक वरून येतं.” वरून म्हणजे कुठून ते त्यांनाही सांगता आलं नाही. एका आईने मात्र सभेतच हात वर करून विचारलं, “मग दुसऱ्या शाळेत सायलेंट लेटर्स दहाच्या ऐवजी वीस घेतात, ते कसं?” टाळ्या तिला पडल्या.

ह्या महिन्यात पी सुरू झाला आहे. न्यूमोनिया आहे, सायकॉलॉजी आहे, आणि टार्मिगन नावाचा एक पक्षी आहे. तो बर्फात राहतो. त्याचं नाव स्कॉटलंडकडच्या गेलिक भाषेतलं. कुणा विद्वानाला ते ग्रीक वाटलं, म्हणून त्याने पुढे एक पी चिकटवून दिला. गुरुवारपर्यंत त्या पक्ष्याचं रंगीत चित्र वहीत लावून न्यायचं आहे. बाजारपेठेतला झेरॉक्सवाला दहा रुपये घेतो; पण त्याला शोधायला स्पेलिंग सांगावं लागतं, आणि मी टीपासून सांगायला सुरुवात केली की तो ट्रॅक्टर काढून देतो.